लाल ठिपके

माझ्या नवऱ्याला साफसफाईचं वेड आहे. घरात नव्हे, घरात पायात आलेला ओला टॉवेलसुद्धा त्याला दिसत नाही. त्याची साफसफाई चालते व्हिडिओत. आमच्या लेकीच्या, रेवाच्या शाळेतला नाच असो की आपल्या मंडळींचा कोजागिरीचा कार्यक्रम, जयदीप ते सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतो. हललेलं कापतो, खोकलेलं कापतो आणि कुणाच्या नाकावर घाम दिसला तर तोही पुसून टाकतो. दिवसभर रिफायनरीत प्रेशरचे काटे सांभाळायचे आणि सुट्टीच्या दिवशी हे. मी काही बोलत नाही. सौदीतल्या यान्बूसारख्या गावात नवऱ्याला छंद असलेला बरा, नाहीतर शुक्रवारभर स्वयंपाकघरात येऊन माझ्या फोडणीत नाक खुपसतात.

पण शरफुआपांच्या फिल्मच्या वेळी याच वेडापायी त्यानं माझा जीव टांगणीला लावला, ते सांगते.

शरफुन्निसा आपा आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. दापोलीकडच्या, अगदी समुद्राकाठच्या गावातल्या. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा मी नाशकात फ्रॉक घालून फिरत असेन. त्यांचे यजमान इसहाकभाई एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत स्टोअरकीपर होते. दोघांना मूलबाळ नव्हतं, म्हणजे राहिलं नव्हतं, ते पुढे येईलच. मला आपांचा लळा लागला तो त्यांच्या जिभेमुळे. मी तोंडाळ आहे असं सासरी म्हणतात. आपांपुढे मी मुकी गाय.

इसहाकभाईंची टाच हा त्यांचा आवडता विषय होता. सुट्टीवरून परत येताना बाकीची माणसं कोकम आणतात, सोडे आणतात, भाकरीचं तांदळाचं पीठ आणतात. इसहाकभाई टाच घासायचा दगड आणायचे. दर सुट्टीत एक, घरच्या गडग्याचा, म्हणजे आवाराच्या दगडी भिंतीचा, तुकडा फोडून. त्यावरून विमानतळावर सामानाच्या वजनाची भांडणं व्हायची. "माझे सोडे काढले नि दगड ठेवला, ऐकलास काय गो?" आपा मला दरवेळी नव्यानं सांगायच्या. "गडगा संपत आला, पण ह्यांच्या टाचा बघ. चैतातल्या भेगाळलेल्या शेतात बरं चालवेल, पण ह्यांच्या टाचेवर पाय नाय ठेववणार." इसहाकभाई ऐकून घ्यायचे आणि पाय पोटाशी ओढायचे. वर्षानुवर्षं ही थट्टा अख्ख्या बिल्डिंगला पाठ होती.

त्या वर्षी सरकारचा निताकतचा नियम जोरात आला. कंपनीत सौदी माणसं पुरेशी नसली की कंपनी लाल पट्ट्यात जायची आणि मग कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा होत नसे. जयदीपची रिफायनरी हिरव्यात होती म्हणून आम्ही वाचलो. इसहाकभाईंची कंपनी लालमध्ये होती. स्टोअरच्या किल्ल्या फहाद नावाच्या एका सौदी माणसाकडे गेल्या. तिशीचा, दोन पोरांचा बाप, स्वभावानं चांगला. इसहाकभाईंना तो अम्म इसहाक म्हणायचा, म्हणजे काका. त्याला कुठला नट कुठल्या फडताळात असतो ते शिकवायचं आणि मग आपण खलास, फायनल एक्झिट, कायमचं घरी. इसहाकभाई याबद्दल कधी वाकडं बोलले नाहीत. आपा मात्र जायचं ठरल्यापासून गप्प गप्प झाल्या. त्यांची जीभ थांबली हे मला त्या निताकतपेक्षा जास्त लागलं.

यान्बूत दुपार कलली की समुद्रावरून दमट पांढुरकी हवा शिरते. समोरच्या बिल्डिंगच्या कडा मऊ होतात, रस्त्यावरचा माणूस चालतोय की तरंगतोय ते कळत नाही, आणि आपण जागे आहोत की झोपेत ते आपलं आपल्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी मी खाली आपांकडे जाऊन पडायची. एसीची घरघर, खोबरेल तेलाचा वास आणि आपांचं बोलणं. त्यातल्याच एका दुपारी त्यांनी मला फरहानाचं सांगितलं.

फरहाना त्यांची मुलगी. इथंच जन्मली आणि आठवड्याच्या आत इथंच गेली. गावाबाहेरच्या कबरस्तानात तिला पुरलं. इथल्या कबरीवर नाव नसतं, तारीख नसते, नुसती मातीची उंची आणि डोक्याशी एक दगड, सगळ्यांचे सारखेच. आणि बायकांनी आत जायची रीत नाही. म्हणजे आईनं लेकीची जागा कधी बघितलेलीच नाही.

"मी ओली बाळंतीण," आपा म्हणाल्या, "नुसती रडत व्हते. ह्यांना बोलले, सगळ्या सारख्याच कबरी, आपली बाय कशी ओळखायची? तर हे न्हाणीत गेले, माझा टाच घासायचा दगड उचलला नि घेऊन गेले. गावावरून मी आणलेला. दुसरा काय नव्हता गो घरात गावचा. तो तिच्या डोक्याशी ठेवला. जाऊन आले की मी विचारते, दगड हाय? हे बोलतात, हाय. तेवढ्यावर काढली मी इतकी वर्षं."

मग म्हणाल्या, ती स्वप्नात येते. दरवर्षी थोडी मोठी होऊन येते. तोंड काही नीट दिसत नाही, लांब उभी असते, समुद्रावरच्या या हवेत असतं तसं सगळं. पण पायाला आपल्या गावची माती लागलेली असते, एवढं दिसतं. "तो दगड एकदा या डोळ्यांनी बघू दे. मग हितून जायला माझी ना नाय."

आता हे ऐकून कुणाला राहवेल? मी त्याच संध्याकाळी जयदीपला कॅमेरा काढायला लावला. तो आत जाणार नव्हता, आमचं काय काम तिथं. शूटिंग इसहाकभाईंनीच करायचं होतं. गच्चीवर जयदीपनं त्यांना शिकवलं, असा धरा, श्वास रोखून हळू फिरवा, घाई नको. मला वाटलं माणूस खूश होईल. पण त्यांचं लक्षच नव्हतं. टाकीकडे बघत उभे राहिले.

"वहिनी," शेवटी म्हणाले, "मी बोलतो ना तिला, दगड हाय म्हणून. मग व्हिडिओ कशाला?"

"अहो, डोळ्यांनी बघायचंय त्यांना," मी म्हटलं. "एवढं करा की बायकोसाठी."

ते हसले, पण ते हसणं ओठांपर्यंतच आलं. मला वाटलं, पुरुषाला असलं काही जड जातं. फार डोकं चालवलं नाही मी.

फहाद त्याची मोठी गाडी घेऊन आला. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण अम्म इसहाकना कबरस्तानात न्यायचंय कळल्यावर तोच म्हणाला, यल्ला, चला, मी येतो. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज होऊन ऊन मऊ झालं होतं. पुढे फहाद आणि इसहाकभाई, मागे आम्ही तिघं. कबरस्तानाची भिंत लांबच लांब, मातकट, डोक्याएवढी उंच. गाडी भिंतीच्या सावलीत लावली. फहाद फाटकाशी रखवालदाराशी बोलत उभा राहिला, इसहाकभाई कॅमेरा छातीशी धरून आत गेले.

आपा काच खाली करून भिंतीकडे बघत होत्या. भिंतीपलीकडे आवाज नाही, झाड नाही, पाखरू नाही. वाऱ्यानं बारीक रेती सरकल्याचा आवाज तेवढा. त्यांनी हात बाहेर काढला आणि तळवा भिंतीच्या दिशेनं उघडा धरून ठेवला. हात दुखला असेल, पण खाली घेतला नाही. जयदीप दुसरीकडे बघायला लागला. वेळ किती गेला ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

इसहाकभाई आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना रेती लागली होती. "झाला," म्हणाले. "काढला सगळा." आणि कॅमेरा जयदीपच्या हातात देऊन पुढे जाऊन बसले.

आता जयदीपचं काम. हे मला त्यानं इतक्यांदा समजावलंय की झोपेत सांगेन. कॅमेऱ्यातली एचडी फिल्म फार दाबून भरलेली असते म्हणे. आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला ती उलगडताना घाम फुटतो. म्हणून ती आधी एका मधल्या फॉर्मॅटमध्ये उतरवून घ्यायची, त्यावर कापाकापी करायची आणि शेवटी पुन्हा दाबून डिस्कवर भरायची.

"म्हणजे दुधाचा खवा करायचा," मी म्हटलं, "आणि मग त्यात पाणी घालून पुन्हा दूध म्हणून वाढायचं."

"तसं नाही गं."

"काही जात नाही त्यात?"

"जातं थोडंसं. पण डोळ्याला कळत नाही एवढंच जातं." हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यात लॅपटॉपवर जागा नव्हती, सगळी रेवाच्या नाचांनी अडवलेली. म्हणून त्यानं मधला फॉर्मॅट हलक्यातला घेतला. उजेड-सावली नीट राहते म्हणे त्यात, रंगांची मात्र थोडी काटकसर होते.

मी पुऱ्या तळत होते. बाहेरून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "सेन्सर तापला वाटतं. गाडीत ठेवायलाच नको होता." मी विचारलं काय झालं, तर म्हणे जमिनीवर लालसर डाग पडलेत, थरथरतायत, ओल्या बोटानं कुंकू पुसावं तसे. "नॉईज आहे, साफ करतो." मी म्हटलं, कर बाबा, तेल तापलंय माझं. एवढंच झालं. नाशिकच्या माणसाचं डोकं हो. आमच्याकडे दगड म्हणजे काळा. टाच घासायचा दगडही काळाच, खरखरीत. माझी आई त्यानंच घासायची, जयदीपची आईही. त्या दगडाचा रंग विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा आणि इसहाकभाई वर आले. आपांनी चांगला सलवार-कमीज घातला होता, इस्त्रीचा. डोळ्यांत सुरमा होता. लेकीला भेटायला निघाल्यासारख्या आल्या होत्या. मी पडदे ओढले, जयदीपनं डिस्क लावली. त्यानं सुरुवातीला हळू आवाजात बासरी घातली होती, ती मी आधीच भांडून काढायला लावली होती.

पडद्यावर भिंत आली, मग मोकळी जागा. सगळं राखाडी, मऊ, झोपेत बघितल्यासारखं. खडे वेगळे दिसत नव्हते, नुसती कणीक पसरल्यासारखी जमीन. कॅमेरा हळू हळू सरकत लहान मुलांच्या कोपऱ्यात गेला. छोटे छोटे उंचवटे आणि प्रत्येकाच्या डोक्याशी एक राखाडी डाग. आपा पुढे सरकल्या, आणखी पुढे सरकल्या. खुर्चीवरून उतरून टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या. फिल्म संपली.

"दगड कुठाय?" त्या म्हणाल्या.

जयदीपनं पुन्हा लावली. पुन्हा तेच राखाडी.

"नाय," आपा म्हणाल्या. "हितं नाय."

इसहाकभाई टीव्हीकडे असे बघत होते की त्यांनाही काही कळत नसावं. "होता," म्हणाले. "मी कालच बघून आलो. होता गो."

"मला दिसत नाय ते तुम्हाला कुठनं दिसला?" आपांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सांगा ना. ह्या एवढ्याशा दगडावर मी दिवस काढले. तुम्ही तो ठेवलाच नाय. रस्त्यात टाकलात नि मला सांगत राहिलात, हाय, हाय."

मला इसहाकभाईंचा राग आला. बोला ना काहीतरी, मी मनात म्हटलं, शपथ घ्या, रागवा. पण तो माणूस मान खाली घालून बसला. आपा उठल्या. दाराशी जाऊन चप्पल पायात सरकवताना म्हणाल्या, "जांभा काय लपतो गो मंजिरी? लाल दगड तो. रेतीत ठेवलास तर आंधळ्याला पण दिसेल."

त्या गेल्या. पाठोपाठ इसहाकभाई गेले. मी दार लोटलं आणि वळले.

"जयदीप," मी म्हटलं, "ते लाल डाग."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. एरवी मी त्या चेहऱ्यावरून आठवडाभर चेष्टा केली असती. "पण मंजू, तो एक नव्हता," तो म्हणाला. "पुष्कळ होते. पुष्कळ होते म्हणून तर नॉईज म्हटलं. एकच असता तर मी थांबून बघितलं नसतं का?"

आता पुष्कळ म्हटल्यावर माझाही विश्वास डळमळला. कबर एक, दगड एक. मग खरंच सेन्सर तापला असेल आणि इसहाकभाईंनी खरंच बायकोला इतकी वर्षं फसवलं असेल. चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. आपा हे मनात घेऊन जाणार, आणि गावच्या घरी त्या गडग्याच्या आत उरलेलं आयुष्य या माणसाच्या ताटात भाकरी वाढत काढणार. मला ते सहन होईना.

"कार्ड पुसलंस?" मी विचारलं. कारण हा काम झालं की कार्ड पुसतोच.

"आज पुसणार होतो."

"हात लावू नकोस. खव्याचं दूध नको मला. कॅमेऱ्यातलं आहे तसं दाखवता येतं की नाही टीव्हीवर?"

"येतं की. वायर लावली की झालं."

"मग इतके दिवस काय खवा आटवत होतास?" मी म्हटलं आणि कॅमेरा उचलून खाली निघाले. तो मागून वायर घेऊन धावला.

खाली सामान बांधायचं चालू होतं. खोकी, दोऱ्या, खोक्यांवर मोठ्या अक्षरात नाव. टीव्ही कुणाला तरी विकला होता, तो दुसऱ्या दिवशी जायचा होता. आपा ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. इसहाकभाई गुंडाळलेल्या गादीवर पाय मुडपून बसले होते. त्यांच्यामध्ये अख्खी खोली रिकामी होती.

"आपा, चूक आमची आहे," मी म्हटलं. "या शहाण्यानं फिल्म धुतली. तुमचा दगड धुऊन काढला यानं. न धुतलेली बघा."

त्यांनी ताट खाली ठेवलं, पण टीव्हीकडे आल्या नाहीत. इसहाकभाई मात्र ताडकन उठले. "राहू दे वहिनी," म्हणाले. "आता नको. बघून काय करायचाय." त्यांनी जयदीपच्या हातातली वायर धरली. मी त्यांचा हात बाजूला केला. वयानं मोठ्या माणसाशी मी असं कधी वागले नव्हते, पण केलं.

पडदा उजळला. तीच भिंत, तीच जमीन, पण मघाशी कुणी तरी तिच्यावर ओलं फडकं टाकलं होतं आणि आता ते काढलं होतं. खडा न् खडा वेगळा, प्रत्येकाला आपली सावली. वाऱ्यानं सरकणारी रेतीसुद्धा दिसत होती. आपा कधी जवळ आल्या मला कळलं नाही. कॅमेरा मुलांच्या कोपऱ्यात वळला आणि एका लहानशा उंचवट्याच्या डोक्याशी लाल दगड आला. लालभडक नाही, विटकरी, भोकाभोकांचा, कोकणातल्या घराच्या भिंतीत असतो तस्सा.

आपांनी माझं मनगट धरलं. "हाच," म्हणाल्या. "हाच गो. माझ्या न्हाणीतला." आणि हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मलाही हुंदका आला.

कॅमेरा थांबला नाही. हळूहळू पुढे सरकला, जयदीपनं शिकवलं होतं तसा, श्वास रोखून. पुढच्या उंचवट्याशी आणखी एक लाल दगड होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. मागच्या ओळीत दोन. एक जुना, कडा झिजलेला, एक नवा, नुकता फोडलेला. कोपरा अजून संपत नव्हता.

आपांची पकड सुटली. "हे काय?" त्या म्हणाल्या.

"थांबवा जयदीपभाई," इसहाकभाई म्हणाले.

जयदीपनं चित्र थांबवलं. इसहाकभाई पुन्हा गादीवर बसले. बोलायला लागले ते जमिनीकडे बघत.

"दुसऱ्या साली मोठा वादळ झाला होता, आठवतो? आठ दिवस दारं बंद. मग मी गेलो तर सगळा सपाट. रेती बसलेली. दगड नाय. उकरून बघितला मी, हातानं. नाय. बाजूला नव्या कबरी पण झालेल्या, ओळ पण कळेना कुठली. घरी आलो. तू दारातच होतीस. विचारलास, दगड हाय ना? माझ्या तोंडातून आला, हाय."

आपा ऐकत होत्या.

"मग सुट्टीला गेलो तेव्हा गडग्याचा एक आणला. जिथं वाटला तिथं ठेवला. पुढच्या टायमाला गेलो तर मनात आला, ही नाय, ती असेल. मग तिला पण आणला. मग त्याच्या बाजूची." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं, पण वर बघितलं नाही. "ह्यातली एक आपली हाय. एवढा नक्की. बाकीच्या कुणाच्या तरी असतील. त्यांच्यासाठी पण फातिहा पढतो मी. आता तू व्हिडिओ मागितलास. मला वाटला, आता कळणार. पण कॅमेरा एकाच कबरीवर धरायला मन होईना. एकीचा काढला नि ती दुसरी असली तर?"

मी जयदीपकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. आपा काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. ज्या एका दगडावर त्यांनी दिवस काढले तो तर पहिल्याच वादळात गेला होता. मी त्यांच्या जागी असते तर, देवाशप्पथ, ते ताट उचलून फेकलं असतं.

आपा टीव्हीसमोर बसल्या आणि एकेका दगडावर काचेवरून बोट ठेवत गेल्या. मोजायला लागल्या आणि मध्येच सोडून दिलं. शेवटी सगळ्या चित्रावरच हात पसरून ठेवला, कालच्यासारखा, भिंतीकडे धरला होता तसा.

"दर सुट्टीत?" त्यांनी विचारलं. पाठमोऱ्याच.

"हूं."

"माझे सोडे काढून."



आपा उठल्या आणि गादीपाशी जाऊन इसहाकभाईंसमोर बसल्या. त्यांनी सवयीनं पाय आणखी पोटाशी ओढले. आपांनी घोट्याला धरून एक पाय बाहेर ओढला आणि मांडीवर घेतला. टाच उजेडात आली. भेगाच भेगा, काही खोल, काळपट, जुन्या. इतकी वर्षं आम्ही सगळे ज्या टाचेवर हसलो ती मी पहिल्यांदाच नीट बघत होते.

"एक पण दगड कधी टाचेला लावलात नाय तुम्ही," आपा म्हणाल्या.

"नाय."

त्यांनी अंगठ्यानं एक भेग चाचपली. मग दुसरी. "आणि मी मेली अख्ख्या यान्बूला सांगत फिरले," त्यांचा आवाज फुटला, "नवरा टाचा घासत नाय म्हणून."

इसहाकभाईंनी तोंड हातांनी झाकून घेतलं. आपांनी पाय सोडला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंजिरी, खोबरेलाची बाटली त्या कोपऱ्यातल्या खोक्यात बांधून टाकलीय. सोड गो जरा ती दोरी."

मी खोक्यापाशी बसले. दोरीची गाठ माझ्या डोळ्यांसमोरच होती, पण मला काही केल्या ती नीट दिसेना.